गिल्दोच्या फळीवरची परकी बरणी

परकी बरणी एल्दाला पहिल्यांदा दिसली ती उसाचा गळीत हंगाम सुरू झाला त्या रविवारी. साऱ्या हॅलोरन्स क्रीक गावावर मळीचा गोडसर आंबूस वास पसरला होता, आणि एल्दा नेहमीप्रमाणे चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, पिशवीत ताजी भरलेली मेणबत्तीची बरणी घेऊन नवऱ्याला भेटायला दफनभूमीत आली होती.

भेटायला म्हणायचं एवढंच. शवपेट्या ठेवायच्या कोनाड्यांच्या भिंतीत एकावर एक चार ओळी, त्यातल्या खालून दुसऱ्या ओळीत गिल्दो. ही ओळ सगळ्यात महाग, कारण तिथे ना कंबर वाकवावी लागत ना टाचा उंचवाव्या लागत. गिल्दोने ती जागा जिवंतपणीच घेऊन ठेवली होती आणि तसं बायकोला सांगायचं मात्र विसरला होता. तिचं इथलं काम ठरलेलं होतं. फडक्याने संगमरवर पुसायचा, गेल्या रविवारची जळून गेलेली बरणी पिशवीत टाकायची, नवी कोनाड्यापुढच्या फळीवर ठेवून वात पेटवायची, छातीवर क्रूस काढायचा आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे टाऊन्सविलला राहावं लागलं तो मागचा पावसाळा सोडला, तर या कामात एकदाही खंड पडला नव्हता.

तर त्या रविवारी गिल्दोच्या फळीवर दोन बरण्या होत्या. एक तिची होती. दुसरी तिची नव्हती.

एल्दाने ती उचलून उजेडात धरली. बुटकी, जाड बुडाची, दुकानातल्या महागड्या सुगंधी मेणबत्तीची बरणी. पण लेबल नव्हतं, लेबलाखालचा चिकटाही नव्हता, काचेवर जुन्या मेणाचा एक ओघळ नव्हता. कुणीतरी ही बरणी खरवडून, धुऊन, पुसून पुन्हा भरलेली होती. एल्दाला हे चटकन कळलं, कारण अख्ख्या गावात हे काम आपल्याइतकं कुणाला जमत नाही असं तिचं स्वतःबद्दल मत होतं. तळाशी बोटभर मेण उरलं होतं. तिने नाकाशी नेलं. संत्र्याच्या फुलांचा वास आला.

माझ्या नवऱ्यापुढे संत्र्याची फुलं कोण ठेवून गेली?

ठेवून गेली. ठेवून गेला असेल, एखादा जुना मित्र, ऊसतोडीतला जोडीदार, असं एका क्षणासाठीही तिच्या मनात आलं नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं, ती बरणी पिशवीत घातली आणि क्रूस न काढताच तरातरा घरी निघाली.

दुपारी गिल्दोची बहीण पिएरिना कॉफीला आली. एल्दाचं घर इथल्या सगळ्या जुन्या घरांसारखं उंच खांबांवर होतं, आणि खरा संसार खालीच चालायचा. खाली सिमेंटची मोरी, खाली दुसरी चूल, खालीच तो जुना फ्रीजर. पिएरिनाने बर्फ घ्यायला फ्रीजर उघडला.

"हे काय गं सॉसेजच्या शेजारी?"

"बरणी."

"ते दिसतंय मला. कुणाची?"

"तुझ्या भावाच्या लाडकीची."

पिएरिना इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "गिल्दोची लाडकी? आमच्या गिल्दोची? अगं एल्दा, त्या माणसाला 'मीठ दे' म्हणणंसुद्धा जिवावर यायचं. अळणी जेवून उठायचा. तो बाई पटवणार?"

एल्दाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "का? दिसायला काय वाईट होता? खांदे बघितले होतेस त्याचे?"

"खांदे होते गं. त्यांच्यावर तोंड होतं ना, ते कधी उघडलं नाही."

"तुझ्यासमोर उघडत नसेल. आणि गप्प पुरुष आवडतात काही बायकांना."

"तुला आवडायचा?"

एल्दा उठली. तिने फ्रीजरमधून बरणी काढली, सुरीचं टोक काच आणि मेण यांच्यामध्ये सरकवलं आणि हलकेच दाबलं. गारठलेलं मेण आक्रसतं आणि काच सोडतं, त्याला जोर लागत नाही. टक् असा आवाज झाला आणि मेणाची चकती अख्खी सुटून तिच्या तळहातावर आली. मग तिने बरणीत कढत पाणी ओतलं, उरलासुरला पापुद्रा वर तरंगून आला, तो चमच्याने काढला, वातीखालची पत्र्याची टिकली खरवडली आणि वर्तमानपत्राच्या कागदाने काच आतून पुसून घेतली. पाणी मोरीत ओतलं नाही, बागेत नेऊन ओतलं. नवी नवरी असताना तिने एकदा वितळलेलं मेण मोरीत ओतलं होतं आणि सारी नळी तुंबली होती. गिल्दोने सुट्टीचा अख्खा दिवस उन्हात खणून नळी मोकळी केली. आणि एक शब्द बोलला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. हातपाय धुतले, जेवला, झोपला.

मेणाची चकती तिने खिडकीत उभी धरली. तीन थर होते. पांढरा, त्यावर गुलाबी, त्यावर पोपटी. म्हणजे ही बाई उरलेले तुकडे जपून ठेवते, रंग वेगवेगळे ठेवते, एक थर थंड झाल्याशिवाय दुसरा ओतत नाही. उधळ्या बाईचा राग करणं सोपं गेलं असतं. ही तर काटकसरी निघाली, वर हाताला वळण असलेली. एल्दाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"फेकून दे ती," पिएरिना जाता जाता म्हणाली.

"चांगली काच आहे. फेकायची कशाला?" एल्दा म्हणाली आणि तिने बरणी आपल्या बरण्यांपासून लांब, वेगळ्या फळीवर ठेवली.

पुढच्या रविवारी आणखी एक परकी बरणी होती. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. एल्दा येई, दात-ओठ खात ती उचले, घरी आणून फ्रीजरमध्ये टाके, खरवडून, पुसून वेगळ्या फळीवर ठेवून देई. फळी भरत चालली. प्रत्येक बरणी आधीच्या बरणीइतकीच स्वच्छ. एकीच्याही काठाला काजळी नाही. एकदा तिने मुद्दाम भिंग घेऊन तळ तपासला, कुठे तरी खरवडल्याचा चरा सापडेल म्हणून. नाही सापडला. स्वतःच्या बरणीत मात्र दोन सापडले.

आता तिच्या डोक्यात दुसरं काही शिजेना. पावरोटीच्या दुकानातली विधवा माफाल्दा असेल का? गिल्दो दर शनिवारी पाव आणायला जायचा आणि वेळ लावायचा. एल्दा पाव घ्यायच्या निमित्ताने गेली आणि काउंटरवर इतकी वाकली की माफाल्दा म्हणाली, "काय हवंय तुम्हाला, बाई? माझा कान?" माफाल्दाला यीस्टचा वास येत होता. मग पबमधली डल्सी? पण डल्सी मेणबत्ती सोडाच, स्वतःची सिगारेटसुद्धा दुसऱ्याकडून पेटवून घ्यायची. राहिला तो बोचीचा क्लब. दर गुरुवारी संध्याकाळी गिल्दो तिथे लाकडी चेंडू खेळायला जायचा आणि परत आल्यावर 'कोण जिंकलं' विचारलं तर खांदे उडवायचा. खेळायला जाणारा माणूस कोण जिंकलं ते सांगत नाही, म्हणजे तो खेळायला जातच नव्हता! एवढी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कळली नाही म्हणून एल्दाने कपाळावर हात मारून घेतला.

तिच्या जळफळाटाला खोल मूळ होतं आणि ते तिला ठाऊक होतं. गिल्दोने तिला निवडलं नव्हतं. गावाकडून त्याच्या आईने तिचा फोटो पाठवला, त्याने इकडून हो कळवलं, आणि लग्नाच्या दिवशी वेनेतोमधल्या त्या छोट्या चर्चमध्ये तिच्या शेजारी नवरदेव म्हणून उभा राहिला तो त्याचा थोरला भाऊ. त्या काळी अशीच लग्नं लागायची, नवरा ऑस्ट्रेलियात, नवरी इटलीत आणि मध्ये महिनाभराचा समुद्र. बोटीवरून उतरल्यावर तिने खऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याने टोपी काढली, हात मिळवला, तिची पेटी उचलली आणि म्हणाला, "जड आहे." नवऱ्याने तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द होता, आणि पुढे फार भर पडली असंही नाही. तेव्हा जिला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या मनाने निवडलं, अशी कुणीतरी जगात असू शकते, हा विचार तिला सुरीच्या टोकासारखा लागत होता.

पण गंमत पाहा. या बाईच्या रागाने एल्दा रोज गिल्दोला आठवू लागली. तो गेला तेव्हा जेवढी रडली नव्हती तेवढी आता त्याचे जुने फोटो घेऊन रडली. बोची क्लबच्या सहलीच्या फोटोत तो कडेला उभा होता, बाह्या वर दुमडलेल्या, डोळे उन्हाने बारीक. काय देखणा दिसतोय मेला, तिला वाटलं, आणि लगेच फोटोतल्या बायकांपैकी कोण त्याच्याकडे बघतेय ते ती शोधू लागली. रविवारी आता ती काळा झगा सोडून निळा घालू लागली. मानेवर अत्तर, ओठांना थोडी लाली. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, आवाज किती टवटवीत येतोय गं तुझा!" "टवटवीत कसला," एल्दा फणकारली, "इथे आग लागलीय."

फळी भरली तशी तिने एक चाल केली. त्या बाईचीच एक बरणी घेतली, त्यात आपलं मेण ओतलं, चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या बुंध्यांचं पांढरंशुभ्र, बिनवासाचं मेण, आणि रविवारी गिल्दोपुढे पेटवून ठेवली. घे, तुझ्याच बरणीत माझा दिवा. बघ आणि जळ. परत येताना ती गुणगुणत होती.

पुढच्या रविवारी ती बरणी गायब! तिच्या जागी नवी, तिरंगी मेणाची, संत्र्याच्या फुलांची. आणि भरीस भर म्हणजे बरणीच्या गळ्याला लाल रेशमी फीत बांधलेली.

"फीत!" एल्दाने ती पिएरिनाच्या नाकापुढे धरली. "मला चिडवायला फीत बांधलीय बयेने!"

"मग तू पण बांध एक."

"मी तिच्या झिंज्या बांधीन."

"आधी कोण आहे ते तर बघ," पिएरिना कॉफीत साखर ढवळत म्हणाली. "आणि मला पण सांग. आमच्या गिल्दोत तिला काय दिसलं, ते मला मरायच्या आधी कळायला हवं."

एल्दा थेट दफनभूमीतल्या कीथकडे गेली. कीथ तिथलं गवत कापायचा. तिने त्याचं मशीन हाताने खूण करून बंद करायला लावलं.

"माझ्या नवऱ्याच्या फळीवर बरणी कोण ठेवतं?"

"एक बाई येतात. शुक्रवारी सकाळी, टॅक्सीने."

"दिसायला कशी आहे?"

कीथने टोपी मागे सारून विचार केला. "काळे कपडे असतात. इथे सगळ्यांचेच असतात."

"तरुण आहे?"

"तुमच्या मानाने म्हणताय का?" कीथने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने मशीन पुन्हा सुरू केलं.

शुक्रवारी एल्दाने केस धुऊन वळवले, निळा झगा चढवला, लग्नातल्या कुड्या कानात घातल्या. काय बोलायचं ते आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं. बाई, हा माझा नवरा आहे. चर्चमध्ये लागलेलं लग्न आहे. तुम्ही त्याच्या कोण, ते मला तोंडावर सांगा. एवढंच. मग ती काय म्हणते त्यावर पुढचं. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं जे काही तिला कधीच मिळालं नव्हतं ते आज ऐकायला मिळणार होतं, भले दुसरीच्या तोंडून का होईना, आणि त्याचीही तिला भीती वाटत होती आणि ओढही वाटत होती.

टॅक्सी फाटकाशी थांबली. आधी एक काठी बाहेर आली, मग दुसरी काठी, मग बऱ्याच वेळाने एक गोल, ठेंगणी बाई. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले. गळ्यात कापडी पिशवी. डुलत डुलत, मध्ये दोनदा थांबून दम घेत, ती भिंतीपर्यंत आली. एल्दाने तिला ओळखलं, म्हणजे चेहऱ्याने. नदीपलीकडच्या सिसिलियन वस्तीतली नुन्झिया. ते लोक शनिवारच्या मिस्सेला जायचे, त्यामुळे बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

ही? एल्दाला धक्का बसला. गिल्दोने हिला निवडलं?

तिने पाठ केलेलं ओठांवर आणलं, पण नुन्झियाने काठ्या भिंतीला टेकवल्या आणि तिचे दोन्ही हातच धरले.

"सिन्योरा एल्दा! तुम्हीच ना? देव तुमचं भलं करो. कधीची म्हणतेय भेटायचं, भेटायचं. किती मोठं मन हो तुमचं!"

"माझं मन?"

"नाही तर काय! मी तुमच्या फळीवर बरणी ठेवायची, आणि तुम्ही ती घरी नेऊन धुवायच्या. मला आधी वाटलं गवतवाला फेकतो. मग बघते तर काय, माझीच बरणी, आरशासारखी पुसलेली, नवं मेण भरून, पेटवून ठेवलेली! पांढरंशुभ्र, चर्चचं मेण! मी ढसाढसा रडले इथे. म्हणून फीत बांधली पुढच्या बरणीला. आवडली का?"

एल्दा जोर करून म्हणाली, "पण तुम्ही गिल्दोपुढे बरणी ठेवताच कशाला?"

नुन्झिया ओशाळली. "चुकलंच माझं. आधी विचारायला हवं होतं. पण काय करू, माझा तिथे आहे ना." आणि तिने काठी उचलून वर दाखवलं.

एल्दाने मान वर केली. इतके महिने ती या भिंतीशी येत होती, पण गिल्दोच्या पाटीच्या वर तिची नजर कधी गेली नव्हती. सगळ्यात वरच्या ओळीत, गिल्दोच्या बरोबर डोक्यावर, नवी कोरी पाटी होती. फोटोत झुबकेदार मिशांचा एक माणूस तोंडभर हसत होता. दफनभूमीतल्या पाटीवर कुणी असा दात काढून हसताना तिने पाहिला नव्हता.

"माझा कार्मेलो. भर पावसाळ्यात गेला. वरची ओळ परवडली आम्हाला, तेव्हा शिडी होती. मग कुणीतरी पडलं म्हणून शिडीला कुलूप लावलं, आणि असती तरी हे गुडघे घेऊन मी काय चढणार? लोक बांबूने कापडी फुलं टोचतात वर. बांबूने मेणबत्ती कशी ठेवायची सांगा? म्हटलं, खाली ठेवली तरी उजेड वर जातोच की."

"म्हणजे," एल्दाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "माझ्या गिल्दोसाठी... एकही नाही?"

"अहो, मी ओळखतही नव्हते त्यांना." नुन्झियाने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण दर वेळी त्यांची माफी मागते हं. म्हणते, सिन्योर गिल्दो, तुमची जागा अडवतेय, राग मानू नका."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नवरा निर्दोष निघाला होता. एल्दाने स्वतःला तसं सांगूनही पाहिलं. पण एवढे महिने तिचा नवरा कुणाला तरी हवा होता. त्याच्या खांद्यांसाठी कुणीतरी टॅक्सी करून येत होतं, मेणाचे रंग जुळवत होतं. आता तो पुन्हा तोच राहिला, आल्यागेल्याला खांदे उडवून दाखवणारा, आणि गुरुवारी तो खरोखरच चेंडू खेळायला जात होता. तिला रडू यायला लागलं आणि ते रागाचं होतं.

नुन्झियाचं लक्ष नव्हतं. तिने पिशवीतून बरणी काढली, फळीवर ठेवली, काडी ओढली आणि मान वर करून बोलायलाच लागली. "आले रे बाबा. उशीर झाला, टॅक्सीवाला आला नाही वेळेवर. इतका घोरत होता म्हणे की फोनच ऐकला नाही, मला तुझीच आठवण आली. सुनेने परत केस निळे केलेत. तू असतास तर म्हणाला असतास, चांगलेत, आपल्या गाडीला मॅच होतात. तिने तीन मेणबत्त्या टाकून दिल्या, अर्ध्या पण जळल्या नव्हत्या, मी सगळ्या गोळा केल्या, मेण फुकट घालवायचं नाही. आणि ऐक, तो लिंबाच्या रोपासाठीचा खड्डा तू अर्धवट खणून ठेवलास ना, त्यात काल मी पडले. बसलास ना हसत?" आणि ती स्वतःच फसकन हसली, मग रुमालाने डोळे पुसले.

"असं रोज बोलता?" एल्दाने विचारलं.

"रोज कुठे? शुक्रवारी. बाकीचे दिवस घरी, फोटोशी."

"आणि तो... जिवंत असताना बोलायचा?"

"बोलायचा? त्याला गप्प करायला पोलीस बोलवावे लागले असते. आमचं लग्न फोटोवरचं हो, तुमच्यासारखंच असेल. मी बोटीवरून उतरले, पाय लटपटताहेत, हा समोर आला आणि म्हणतो कसा, फोटोत दात दिसत नव्हते, जरा हस बघू, मोजून घेतो. मी तिथेच धक्क्यावर खो खो हसत सुटले. ओळख ना पाळख, आणि नवरा आवडूनसुद्धा गेला. मग जन्मभर भांडलो. ताटं फुटायची. आता घर असं गार पडलंय ना, सिन्योरा, कधीकधी मीच एखादी बशी आपटते."

फोटोवरचं लग्न. तसलीच बोट, तसलाच धक्का. एल्दाला इतके दिवस वाटत आलं होतं की फोटोवरून नवरा मिळाला की असंच मिळतं, त्यात कुणाचा दोष नसतो. आणि इथे ही गुडघे बांधलेली बाई त्याच फोटोवरून असा माणूस घेऊन बसली होती! आता मात्र एल्दाला खरा मत्सर वाटला. आधीचा जळफळाट तिला ऊब देत होता, हा नुसता टोचत होता. त्या फुटलेल्या ताटांचा तिला मत्सर वाटला. धक्क्यावरच्या हसण्याचा वाटला. मेलेल्या नवऱ्याशी एवढं बडबडायला सुचतं, त्याचा तर इतका वाटला की ती गिल्दोच्या पाटीकडे वळली आणि तिनेही तोंड उघडलं. काहीतरी बोलावं, ऊस, हवा, पिएरिनाची कंबर. शब्द आला नाही. गिल्दो फोटोतून तिच्या खांद्यापलीकडे बघत होता, आणि ती त्याच्या खांद्यापलीकडे. चाळीसएक वर्षं दोघांनी हेच केलं होतं, आणि त्यात 'जड आहे' याला उत्तर तिनेही कधी दिलं नव्हतं.

तिने तोंड मिटलं. पर्स उचलली. दोन पावलं गेली आणि परत आली.

"नुन्झिया," ती म्हणाली. सिन्योरा वगैरे काही नाही. "दर शुक्रवारी येतेस ना?"

"येते. तुमची हरकत असेल तर खाली जमिनीवर ठेवीन बरणी, तसं सांगा."

"फळीवरच ठेव. जळली की मी नेईन, खरवडून ठेवीन, तुझ्या गुडघ्यांना मोरीत उभं राहायला नको." एल्दाला पुढचं बोलायला फार जड गेलं. "आणि कार्मेलोशी बोलून झालं की माझ्या गिल्दोशी पण दोन शब्द बोलत जा. मला जमत नाही."

नुन्झियाने तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. "काय बोलू त्यांच्याशी?"

"काहीही. तुला सुचेल ते."

एवढं म्हणून एल्दा पाठ फिरवून चालू लागली. डोळे पुसायला तिने रुमाल काढला, ओठांची लालीही पुसून टाकली, आणि फाटकापर्यंत पोचली. मागे नुन्झियाची गुणगुण सुरू झाली होती. शब्द कळत नव्हते. मग गुणगुण थांबली, आणि मग नुन्झिया मोठ्याने, मनापासून हसली.

एल्दाचा हात फाटकाच्या कडीवर तसाच राहिला. एवढं हसण्यासारखं काय बोलतेय ही बया माझ्या नवऱ्याशी? तिने कडी सोडली आणि ती झपाझप परत भिंतीकडे निघाली.